विधेयकावरील दुरुस्ती ग्राह्य की अग्राह्य? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संसदेत किंवा विधिमंडळात एखादे विधेयक गाजू लागले, की त्यावरच्या दुरुस्त्यांबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. अध्यक्षांनी एक दुरुस्ती घेतली आणि दुसरी का नाकारली, सरकारची दुरुस्ती ऐनवेळी कशी चालते, न्यायालयात जाता येते का, असे त्यांचे स्वरूप असते. पुढील उत्तरे मुख्यतः भारतीय संविधान आणि लोकसभेचे कार्यपद्धती नियम यांच्या आधारे दिली आहेत. राज्यसभा, महाराष्ट्र आणि गोवा यांचा उल्लेख जिथे फरक पडतो तिथे केला आहे. या पानावर ‘दुरुस्ती’ म्हणजे सभागृहापुढे असलेल्या विधेयकात सुचवलेला बदल आणि ‘सुधारणा विधेयक’ म्हणजे आधीच अस्तित्वात असलेला अधिनियम बदलण्यासाठी आणलेले विधेयक, असा अर्थ घ्यावा.

१. दुरुस्ती ‘ग्राह्य’ ठरली म्हणजे ती मंजूर झाली का?

नाही. ग्राह्य ठरणे म्हणजे ती सभागृहात मांडण्यास आणि मतास टाकण्यास नियमांची आडकाठी नाही, एवढेच. तिच्या बाजूने बहुमत आहे की नाही हा त्यानंतरचा प्रश्न असतो. अनेक ग्राह्य दुरुस्त्या आवाजी मतदानाने काही क्षणांत फेटाळल्या जातात. उलट, ज्या दुरुस्तीला सर्व बाजूंचा पाठिंबा मिळाला असता अशी एखादी दुरुस्ती अग्राह्य ठरल्यामुळे मतदानापर्यंत पोहोचतच नाही. ग्राह्यतेचा निर्णय देताना अध्यक्ष दुरुस्ती चांगली की वाईट हे पाहत नाहीत. ती या विधेयकात, या जागी आणि या टप्प्यावर बसते का, एवढेच त्यांना पाहायचे असते.

२. हा निर्णय नेमका कोण देतो? सचिवालय की अध्यक्ष?

निर्णय पीठासीन अधिकाऱ्यांचा असतो. लोकसभेत आणि विधानसभेत ते अध्यक्ष, राज्यसभेत आणि विधान परिषदेत सभापती, आणि त्यांच्या अनुपस्थितीत त्या वेळी आसनावर असलेली व्यक्ती. दुरुस्तीची सूचना आली की सचिवालय तिची छाननी करते, त्रुटी दाखवते आणि दुरुस्त्यांची यादी सदस्यांना उपलब्ध करून देते. मात्र यादीत छापली गेली म्हणून दुरुस्ती ग्राह्य ठरली असे होत नाही, कारण ती मांडली जाताना कोणी हरकत घेतल्यास अध्यक्ष त्या वेळीही ती नाकारू शकतात. निर्णयाची कारणे देण्याचे बंधन अध्यक्षांवर नसते आणि निर्णयावर सभागृहात चर्चा होत नाही. कारणे दिली, तर मात्र तो निर्णय पुढे पूर्वोदाहरण म्हणून उपयोगी पडतो. म्हणून कारणांसह दिलेला निर्णय सभागृहाच्या दृष्टीने अधिक मोलाचा असतो.

३. ग्राह्यतेच्या अटी कुठे लिहिल्या आहेत?

लोकसभेसाठी त्या नियम ८० मध्ये आहेत. राज्यसभेच्या नियम ९६ मध्ये त्याच धर्तीची तरतूद आहे. राज्यांची सभागृहे संविधानाच्या अनुच्छेद २०८ खाली आपापले नियम करतात आणि त्यांचा साचाही बराचसा असाच असतो.

नियम ८० चा गाभा पहिल्या अटीत आहे: दुरुस्ती विधेयकाच्या व्याप्तीत असली पाहिजे आणि ज्या खंडावर (म्हणजे विधेयकातील कलमावर) ती सुचवली आहे त्या खंडाच्या विषयाशी तिचा संबंध असला पाहिजे. दुरुस्ती सभागृहाच्या त्याच प्रश्नावरील आधीच्या निर्णयाशी विसंगत नसावी, तिच्यामुळे खंड अर्थहीन किंवा व्याकरणदृष्ट्या चुकीचा होऊ नये, आणि ती पुढच्या एखाद्या दुरुस्तीवर किंवा अनुसूचीवर अवलंबून असेल तर त्याचीही सूचना आधी दिलेली असावी, अशा आणखी अटी आहेत. थिल्लर किंवा निरर्थक वाटणारी दुरुस्ती अध्यक्ष सभागृहापुढे ठेवण्याचे नाकारू शकतात. वादाचे बहुतेक प्रसंग पहिल्या अटीवरूनच उद्भवतात, म्हणून पुढचे दोन प्रश्न तिच्यावरच आहेत.

४. विधेयकाची ‘व्याप्ती’ ठरवायची कशी? शीर्षकावरून की उद्देशांच्या निवेदनावरून?

दोन्ही पाहिले जातात, पण शेवटचा आधार विधेयकातील खंडच असतात. पूर्ण शीर्षक विषयाची बाहेरची कड दाखवते आणि उद्देश व कारणे यांचे निवेदन सरकारला काय साधायचे आहे ते सांगते. प्रत्यक्षात कायदा काय बदलणार आहे हे मात्र खंडांवरूनच कळते. शीर्षक कितीही ऐसपैस असले, तरी खंड अरुंद असतील तर व्याप्तीही अरुंद राहते.

या अटीमागचे कारण समजून घेतले, तर पुष्कळ निर्णय आपोआप उलगडतात. विधेयक प्रस्तुत होते, त्याच्या प्रती वाटल्या जातात, ते विचारात घ्यावे या प्रस्तावावर त्याच्या तत्त्वाची चर्चा होते आणि त्यानंतरच खंडशः विचार सुरू होतो. या साखळीत सदस्यांना, राज्य सरकारांना आणि नागरिकांना सभागृह कशाबद्दल कायदा करणार आहे याची पूर्वकल्पना मिळते. तत्त्वावर चर्चा एका विषयाची झाली आणि खंडाच्या टप्प्यावर दुसराच विषय आत आला, तर त्या दुसऱ्या विषयाच्या तत्त्वावर सभागृहाने कधी विचारच केलेला नसतो. माझ्या मते व्याप्तीच्या अटीचे खरे काम हे पूर्वकल्पनेचे रक्षण करणे आहे. विरोधकांना अडवण्यासाठी ती केलेली नाही, जरी अनेकदा तिचा अनुभव तसा येतो (प्रश्न १३ पाहावा).

५. सुधारणा विधेयक आल्यावर मूळ अधिनियमातील कोणत्याही कलमावर दुरुस्ती सुचवता येते का?

येत नाही, आणि नवीन सदस्यांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. समजा, सहकारी संस्थांच्या कायद्यातील संचालक मंडळाच्या निवडणुकीविषयीचे एकच कलम बदलणारे विधेयक सभागृहापुढे आहे. एखाद्या सदस्याला त्याच कायद्यातील लेखापरीक्षणाचे कलम अधिक कडक करायचे आहे. त्याची मागणी रास्त असेल, कायदाही तोच असेल, पण विधेयकाने ते कलम उघडलेलेच नाही, म्हणून ती दुरुस्ती व्याप्तीबाहेर जाते. निवडणूक कोणी घ्यावी, किती दिवसांत घ्यावी, लांबणीवर टाकता येईल का, अशा दुरुस्त्या मात्र चालतात.

याला अपवाद आहे तो विधेयकाच्या स्वरूपामुळे. एकाच वेळी अनेक कलमांना हात घालणारे, कायद्याची सर्वांगीण फेररचना करणारे विधेयक असेल, तर न उघडलेल्या पण निकटच्या कलमातील अनुषंगिक बदल अध्यक्ष मान्य करू शकतात. उलट टोकाला, एखाद्या तात्पुरत्या कायद्याची केवळ मुदत वाढवणारे विधेयक असते. तिथे मुदत किती असावी यावर दुरुस्ती देता येते. त्या कायद्यातील मूळ तरतुदींवर देता येत नाही.

६. सूचना किती आधी द्यावी लागते? उशीर झाला तर दुरुस्ती बाद होते का?

लोकसभेच्या नियम ७९ नुसार, विधेयक विचारात घेतले जाण्याच्या दिवसाच्या एक दिवस आधी सूचना दिलेली असावी. उशिरा आलेली दुरुस्ती मात्र आपोआप बाद होत नाही. कोणत्याही सदस्याने हरकत घेतल्यास ती हरकत टिकते, अध्यक्षांनी परवानगी दिली नाही तर. म्हणजे कोणी हरकतच घेतली नाही किंवा अध्यक्षांनी मुभा दिली, तर त्याच दिवशी दिलेली दुरुस्तीही मांडता येते. विधेयक प्रस्तुत होऊन एक-दोन दिवसांतच चर्चेला आले, तर या मुभेशिवाय सदस्यांच्या हाती काही उरत नाही, आणि अशा वेळी अध्यक्षांनी मुदतीचा काटेकोरपणा दाखवणे मला अन्यायाचे वाटते.

७. ‘हा खंड वगळावा’ अशी साधी दुरुस्ती का नाकारली जाते?

कारण तिचा परिणाम खंडाविरुद्ध मत देण्याइतकाच असतो. प्रत्येक खंड ‘विधेयकाचा भाग व्हावा’ या स्वरूपात स्वतंत्रपणे मतास टाकला जातो. ज्यांना तो नको आहे, त्यांनी त्या वेळी ‘नाही’ म्हणावे, अशी पद्धत आहे. निव्वळ नकार देणारी दुरुस्ती म्हणून अग्राह्य मानतात. खंडातील एखादा पोटखंड, परंतुक (‘परंतु’ने सुरू होणारी अपवादाची किंवा अटीची तरतूद) किंवा काही शब्द वगळण्याची दुरुस्ती चालते, कारण तिथे उरलेला मजकूर कायम राहतो.

८. एक दुरुस्ती फेटाळल्यावर तीच वेगळ्या शब्दांत मांडता येते का?

त्याच प्रश्नावर सभागृहाने निर्णय दिला असेल तर येत नाही. शब्द वेगळे असून आशय तोच असेल, तरी ती विसंगत ठरते. परंतु आशयात खरा फरक असेल, उदाहरणार्थ दंडाची कमाल मर्यादा एका दुरुस्तीत एक आणि दुसरीत वेगळी असेल, तर पहिली फेटाळल्याने दुसरी बाद होत नाही. अशा दुरुस्त्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या हे अध्यक्ष ठरवतात आणि त्या क्रमाला कधीकधी दुरुस्तीइतकेच महत्त्व येते.

९. दुरुस्तीवर दुरुस्ती सुचवता येते का?

येते, परंतु मूळ दुरुस्ती अध्यक्षांनी सभागृहापुढे ठेवल्यानंतर. तिलाही प्रश्न ३ मधील अटी लागू होतात.

१०. माझ्या आमदारांची दुरुस्ती ‘राज्यपालांची शिफारस नाही’ म्हणून घेतली नाही. हा काय प्रकार आहे?

पैशांशी संबंधित काही बाबींत पुढाकार कार्यकारी शाखेकडेच असावा असे संविधानाने ठरवले आहे. संसदेसाठी अनुच्छेद ११७ आणि राज्यासाठी अनुच्छेद २०७ पाहावा. कर बसवणे, सरकारने कर्ज काढणे, संचित निधीतून रक्कम काढणे अशा बाबींची तरतूद करणारी दुरुस्ती राष्ट्रपतींच्या, किंवा राज्यात राज्यपालांच्या, शिफारशीशिवाय मांडताच येत नाही. लोकसभेच्या नियम ८१ नुसार ही शिफारस सूचनेसोबत जोडावी लागते आणि ती जोडेपर्यंत सूचना वैध धरली जात नाही. शिफारस मंत्र्यांमार्फत येत असल्याने विरोधी सदस्याला ती मिळणे अवघडच असते.

यालाही एक महत्त्वाचा अपवाद आहे. कर कमी करणाऱ्या किंवा रद्द करणाऱ्या दुरुस्तीला शिफारस लागत नाही, आणि हे खुद्द अनुच्छेद ११७ च्या परंतुकातच म्हटले आहे. म्हणून अनुभवी सदस्य ‘सवलत वाढवा’ या अंगाने दुरुस्ती देतात. दंड किंवा परवाना शुल्क यांची तरतूद असल्यामुळेच केवळ एखादे विधेयक या बंधनात येत नाही.

११. विनियोजन विधेयकावर दुरुस्त्या जवळजवळ का दिसत नाहीत?

विनियोजन विधेयक म्हणजे मंजूर झालेला खर्च संचित निधीतून काढण्याची परवानगी देणारे विधेयक. अनुच्छेद ११४(२) आणि राज्यांसाठी अनुच्छेद २०४(२) यांनी त्यावरील दुरुस्त्यांचे दार बंद केले आहे. मंजूर अनुदानाची रक्कम बदलणारी, त्याचे प्रयोजन बदलणारी किंवा भारित (म्हणजे सभागृहाच्या मतास न टाकल्या जाणाऱ्या) खर्चाच्या रकमेत फरक करणारी दुरुस्ती मांडता येत नाही, आणि ती अग्राह्य आहे की नाही याबाबत पीठासीन व्यक्तीचा निर्णय अंतिम असतो. सदस्यांची संधी त्याआधी, अनुदानाच्या मागण्यांवरील चर्चेच्या वेळी कपात सूचनांच्या (मागणीची रक्कम कमी करा असे सुचवणाऱ्या प्रस्तावांच्या) रूपाने येऊन गेलेली असते.

१२. अग्राह्य वाटणारी दुरुस्ती मांडली जात असेल तर हरकत कधी घ्यावी? ती घटनाबाह्य आहे असे म्हणता येईल का?

हरकतीचा मुद्दा दुरुस्ती मांडली जाताच घ्यावा. ती सभागृहापुढे ठेवून तिच्यावर चर्चा झाल्यावर घेतलेली हरकत सहसा उशिराची मानली जाते. लोकसभेत नियम ३७६ नुसार हरकतीचा मुद्दा नियमांच्या किंवा सभागृहाच्या कामकाजाचे नियमन करणाऱ्या संविधानातील तरतुदींच्या अर्थाविषयी किंवा अंमलबजावणीविषयी असावा लागतो. कोणता नियम मोडतो आहे ते क्रमांकासह सांगावे. ‘हे लोकशाहीविरोधी आहे’ एवढ्यावर निर्णय मिळत नाही.

घटनाबाह्यतेचा प्रश्न वेगळा आहे. शिफारस नसणे किंवा विनियोजनाची मर्यादा ओलांडणे हे कार्यपद्धतीचे दोष असल्याने अध्यक्ष त्यावर निर्णय देतात. परंतु दुरुस्तीमुळे मूलभूत हक्काचा भंग होतो किंवा विषय राज्यसूचीतला आहे, या कारणावर अध्यक्ष दुरुस्ती रोखत नाहीत. तो मुद्दा सदस्यांनी भाषणात मांडावा, सभागृहाने मतदानात विचारात घ्यावा आणि पुढे न्यायालयाने तपासावा, अशी दीर्घ परंपरा आहे.

१३. मग सरकार व्याप्तीबाहेरच्या दुरुस्त्या कशा आणते?

नियम निलंबित करून. लोकसभेच्या नियम ३८८ खाली अध्यक्षांच्या संमतीने एखादा नियम विशिष्ट प्रस्तावापुरता निलंबित करण्याचा ठराव मांडता येतो. विधेयकात नवा खंड घालायचा असला, की मंत्री उभे राहून नियम ८० च्या खंड (एक) मधील व्याप्तीची अट अमुक क्रमांकाच्या शासकीय दुरुस्तीपुरती निलंबित करावी असा प्रस्ताव मांडतात. तो बहुमताने संमत होतो आणि दुरुस्ती मांडली जाते. या रीतीने अग्राह्य दुरुस्ती रीतसर ग्राह्य होते. यात नियमभंग काहीच नसतो.

कागदावर हा मार्ग सर्वांना खुला आहे, पण बहुमत सरकारकडे असल्याने त्याचा उपयोग व्यवहारात सरकारलाच होतो. परिणामी व्याप्तीची अट ज्यांच्यावर खऱ्या अर्थाने चालते, ते अशासकीय (म्हणजे मंत्री नसलेले) सदस्य. किरकोळ अनुषंगिक खंडांसाठी निलंबन समजण्यासारखे आहे. स्वतंत्र विधेयक म्हणून आणायला हवा असा विषय या वाटेने आला, की प्रश्न ४ मधील पूर्वकल्पनेचे तत्त्व निकालात निघते.

वित्त विधेयकांच्या वेळी हा ताण ठळक दिसतो. २०१७ च्या वित्त विधेयकात मार्च महिन्यात शासकीय दुरुस्त्यांद्वारे अनेक न्यायाधिकरणांचे विलीनीकरण, पॅनसाठी आधारची सक्ती करणारे आयकर अधिनियमातील कलम १३९कक आणि कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा काढणे, अशा गोष्टी घालण्यात आल्या. फेब्रुवारीत प्रस्तुत झालेल्या मूळ विधेयकात त्या नव्हत्या. विरोधी सदस्यांनी हरकती घेतल्या. तत्कालीन अध्यक्ष, मूळच्या चिपळूणच्या सुमित्रा महाजन यांनी त्या अमान्य केल्या आणि २२ मार्च २०१७ रोजी लोकसभेने विधेयक संमत केले. कंपन्यांना अमर्याद देणग्यांची मुभा देणारा तो बदल सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोख्यांच्या निकालात घटनाबाह्य ठरवला. तो निकाल आशयावर होता. दुरुस्ती ग्राह्य होती की नव्हती यावर नव्हता.

१४. दुरुस्तीने विधेयकाचा चेहराच बदलला असे कधी झाले आहे का?

झाले आहे, आणि ते उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासातलेच आहे. राज्य पुनर्रचना विधेयक १८ एप्रिल १९५६ रोजी लोकसभेत प्रस्तुत झाले, तेव्हा त्यात तत्कालीन मुंबई राज्याच्या जागी तीन घटक प्रस्तावित होते: मुंबई शहर केंद्रशासित, मराठवाडा आणि विदर्भासह महाराष्ट्र, आणि सौराष्ट्र व कच्छसह गुजरात. अनुच्छेद ३ च्या परंतुकानुसार हा प्रस्ताव संबंधित राज्यांच्या विधानमंडळांकडे मत देण्यासाठी गेला होता. संयुक्त समितीने १६ जुलै १९५६ रोजी अहवाल दिला. मुंबई शहराबाबतच्या निर्णयावरून चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला तोही त्याच महिन्यात. त्यानंतर संसदेत हे खंड दुरुस्त झाले आणि तीन घटकांऐवजी मुंबईसह एकच मोठे द्वैभाषिक राज्य करण्याचे ठरले. ३१ ऑगस्टला राष्ट्रपतींची अनुमती मिळाली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्य अस्तित्वात आले.

द्वैभाषिकाचा प्रस्ताव मत देण्यासाठी राज्य विधानमंडळाकडे पुन्हा पाठवला नव्हता, म्हणून कायदा अवैध आहे, असे आव्हान न्यायालयात दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. अपिलात, ‘बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य’ या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९५९ रोजी तोच निर्णय कायम केला. परंतुकानुसार विधेयकातील प्रस्ताव राज्याकडे एकदा पाठवणे आवश्यक आहे. त्यावर दुरुस्ती मांडली आणि स्वीकारली गेली की प्रत्येक वेळी तो पुन्हा पाठवण्याची गरज नाही, दुरुस्ती मूळ प्रस्तावाच्या विषयाशी निगडित असली आणि त्याचा थेट नकार नसली म्हणजे पुरे, असे न्यायालयाने म्हटले.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल सुसंगत आहे. तसे नसते तर एका दुरुस्तीपायी विधेयक राज्य आणि संसद यांच्यात फिरतच राहिले असते. तरीही, तीनऐवजी एक राज्य हा बदल ‘निगडित’ या शब्दात बसू शकतो, यावरून व्याप्तीची कसोटी किती लवचीक आहे ते कळते. विषय ‘मुंबई राज्याच्या प्रदेशाची पुनर्रचना’ असा व्यापक धरला तर दुरुस्ती आत बसते; ‘तीन घटकांची निर्मिती’ असा नेमका धरला तर ती बाहेर पडते. ग्राह्यतेच्या पुष्कळ वादांत खरी लढाई विषयाची व्याख्या कोण आणि किती रुंद करतो यावरच होते. द्वैभाषिकाचे पुढे काय झाले ते मराठी वाचकांना सांगायला नको.

१५. अध्यक्षांनी चुकीची दुरुस्ती ग्राह्य धरली, तर न्यायालय कायदा रद्द करू शकते का?

केवळ त्या कारणावर नाही. अनुच्छेद १२२, आणि राज्यांसाठी २१२, यांनुसार कार्यपद्धतीतील कथित अनियमिततेच्या कारणावरून सभागृहाच्या कामकाजाची वैधता न्यायालयात तपासता येत नाही. नियम ८० हा सभागृहाने स्वतःसाठी केलेला नियम आहे आणि त्याचा भंग ही अनियमितता ठरते. संविधानाच्याच अटीचा भंग मात्र वेगळा मानला जातो. राजा राम पाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली अनियमितता आणि अवैधता यांतील हा भेद स्पष्ट केला. प्रश्न १३ मधील न्यायाधिकरणांच्या तरतुदींबाबत, त्या धन विधेयकातून (केवळ कर, कर्ज, सरकारी निधी अशा बाबींच्या विधेयकातून) करता येतात का, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला.

१६. राज्यसभेने धन विधेयकात दुरुस्ती ‘मंजूर’ केली अशी बातमी येते. ती बरोबर असते का?

अर्धवट बरोबर असते. अनुच्छेद १०९ नुसार राज्यसभा धन विधेयकावर फक्त शिफारशी करू शकते आणि त्या चौदा दिवसांत कराव्या लागतात. स्वीकारायच्या की नाही हे लोकसभा ठरवते. १६ मार्च २०१६ रोजी आधार विधेयकावर राज्यसभेने सुचवलेले पाच बदल लोकसभेने त्याच दिवशी फेटाळले, आणि २०१७ च्या वित्त विधेयकावरील पाच शिफारशींचेही तेच झाले. महाराष्ट्रात विधान परिषदेची स्थिती अनुच्छेद १९८ खाली अशीच आहे.

सामान्य विधेयकात राज्यसभेने दुरुस्ती केल्यास ते लोकसभेकडे परत येते. तेव्हा संपूर्ण विधेयक पुन्हा खुले होत नाही; राज्यसभेच्या दुरुस्तीशी संबंधित, तिच्यामुळे आवश्यक झालेली किंवा तिला पर्याय म्हणून दिलेली दुरुस्तीच मांडता येते.

१७. घटनादुरुस्ती विधेयकावरील दुरुस्तीलाही दोन तृतीयांश मते लागतात का?

लागत नाहीत. लोकसभेच्या नियमांनुसार खंडावरील दुरुस्ती साध्या बहुमताने ठरते. खंड आणि विधेयक यांना मात्र विशेष बहुमत लागते. यातून विचित्र परिस्थिती उद्भवू शकते. ३१ जुलै २०१७ रोजी राज्यसभेत १२३ व्या घटनादुरुस्ती विधेयकाच्या खंड ३ वर विरोधकांच्या दुरुस्त्या संमत झाल्या आणि राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाची रचना सांगणारा तो खंडच वगळून विधेयक संमत झाले. म्हणजे विधेयकाचा गाभाच गेला. लोकसभेने पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये पर्यायी दुरुस्त्या करून ते संमत केले, राज्यसभेनेही मान्यता दिली आणि त्यातून १०२ वी घटनादुरुस्ती झाली. मराठा आरक्षणावरील ५ मे २०२१ च्या निकालात जिच्या अर्थावरून मोठा वाद झाला, ती हीच.

१८. शेकडो दुरुस्त्या आल्या तर प्रत्येकीवर निर्णय द्यावा लागतो का?

अध्यक्षांना एकसारख्या दुरुस्त्यांपैकी निवड करण्याचा आणि त्यांचा क्रम लावण्याचा अधिकार आहे. सूचना दिलेला सदस्य हजर नसेल किंवा त्याने मांडली नाही, तर ती दुरुस्ती विचारात येत नाही. पण संख्या हे अग्राह्यतेचे कारण होत नाही. २९ डिसेंबर २०११ रोजी लोकपाल विधेयकावर राज्यसभेत १८७ दुरुस्त्या होत्या आणि मध्यरात्री सभागृह मतदान न होताच तहकूब झाले. तेव्हा वेळ अपुरा असल्याचे कारण सरकारने दिले. विरोधकांना ते पटले नाही. ते विधेयक निवड समितीकडून होऊन डिसेंबर २०१३ मध्ये संमत झाले.

१९. विधेयक संमत करण्याचा प्रस्ताव आल्यानंतर दुरुस्ती देता येते का?

त्या टप्प्यावर फक्त औपचारिक, शाब्दिक किंवा आधी स्वीकारलेल्या दुरुस्तीमुळे आवश्यक झालेले बदल चालतात. आशय बदलणाऱ्या दुरुस्तीची वेळ खंडशः विचाराबरोबर संपलेली असते.

२०. दुरुस्ती अग्राह्य ठरली, तर सदस्याच्या हाती काय उरते?

बरेच काही उरते. संबंधित खंडाविरुद्ध मत देता येते आणि पोल (मतविभागणी) मागून ते नोंदवता येते. व्याप्तीत बसेल अशी अरुंद दुरुस्ती वेळ असेल तर पुन्हा देता येते. चर्चेत मंत्र्यांकडून आश्वासन मिळवता येते, आणि सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती असते. विषय मोठा असेल तर स्वतंत्र अशासकीय विधेयक आणता येते. विधेयक संयुक्त समितीकडे पाठवावे असा प्रस्ताव विचाराच्या टप्प्यावर देता येतो आणि हा मार्ग पुष्कळदा अधिक फलदायी ठरतो. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक २०२४ मध्ये आले, संयुक्त समितीकडे गेले आणि जुलै २०२५ मध्ये बदललेल्या रूपात दोन्ही सभागृहांत संमत झाले. समितीत सदस्यांना बाजू मांडायला सभागृहापेक्षा अधिक वेळ मिळतो.

२१. दोन सभागृहांचे जुळले नाही आणि संयुक्त बैठक झाली, तर तिथे नव्या दुरुस्त्या चालतात का?

फार मर्यादित. अनुच्छेद १०८(४) नुसार विधेयक एका सभागृहाने संमत केले आणि दुसऱ्याने दुरुस्त्यांसह परत केले नसेल, तर विलंबामुळे आवश्यक झालेल्या दुरुस्त्याच देता येतात. दुरुस्त्यांवरून मतभेद असेल, तर त्या आणि मतभेदाच्या बाबींशी संबंधित अशा आणखी दुरुस्त्या चालतात. कोणती दुरुस्ती ग्राह्य हे बैठकीच्या अध्यक्षस्थानी असलेली व्यक्ती ठरवते आणि तो निर्णय अंतिम असल्याचे संविधानच सांगते. अशा बैठकीतून आजवर तीनच विधेयके संमत झाली आहेत: १९६१ चे हुंडा प्रतिबंध विधेयक, १९७८ चे बँकिंग सेवा आयोग निरसन विधेयक आणि २००२ चे दहशतवाद प्रतिबंधक विधेयक. राज्यांत संयुक्त बैठकीची तरतूद नाही. महाराष्ट्रात मतभेद झाल्यास अनुच्छेद १९७ खाली विधानसभेचे मत अखेर टिकते, आणि गोव्यात दुसरे सभागृहच नसल्याने हा प्रश्न येत नाही.